सातच मिनिटे

नोकरीनिमित्त दिल्लीस येऊन मला दहा वर्षे झाली. रोज रात्री नऊला नागपुरास आईला फोन करावयाचा, हा नेम मी सहसा चुकविलेला नाही. साडेनऊला ती गोळी घेऊन अंथरुणाला पाठ टेकते.

गेल्या जुलैतल्या एका रविवारी मला लहर आली. माझ्या संगणकावर लिनक्स आहे. त्याच्या एक्सएफसीई पटलावरील घड्याळ बारा तासांचा हिशेब दाखवीत असे. वडील रेल्वेत होते. वीस-पस्तीस, एकवीस-दहा ही त्यांची भाषा. घड्याळानेही तीच बोलावी म्हणून मी वेळेचा साचा स्वहस्ते लिहून बदलला.

संध्याकाळी लिहावयास बसलो. मधूनच वर पाहिले: २०:०७. बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिले, तरी २०:०७. मन रमले की काळही थबकतो, अशा समजुतीने मी स्वतःवर खूष झालो. पुढे २१:०७ दिसले. सातच मिनिटे उशीर! लगबगीने उठलो, तो भिंतीवरच्या घड्याळात दहाला दहा कमी होते.

पहिल्याच घंटेला आईने फोन उचलला. "कामात असशील, म्हणून मी केला नाही रे," ती म्हणाली. गोळी अजून घ्यावयाची होती.

त्या रात्रीच दोष शोधावयास बसलो. टर्मिनलवर 'डेट' ही आज्ञा दिली, तर अचूक वेळ उमटली. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजण्याचे आपले काम यंत्र इमानाने करीत होते. चूक साच्यात होती. बारा तासांचा 'आय' काढून चोवीस तासांचा मोठा 'एच' मी नीट घातला होता. मिनिटांसाठी मात्र मोठ्या 'एम'ऐवजी लहान 'एम' लिहिला होता. मोठा 'एम' मिनिटे दाखवितो, लहान महिना. जुलै हा सातवा महिना. म्हणून हरघडी सातच मिनिटे! ऑगस्टात ती आठ झाली असती.

एक अक्षर बदलताच घड्याळ चालू लागले. मला मात्र झोप येईना. यंत्राच्या पोटातली वेळ बरोबर होती, तशी माझ्या मनातली आईची ओढही खरीच होती. पण फोनजवळ बसलेल्या आईला त्यांतले काय दिसत होते?

आता साचा निर्दोष आहे. तरीही नऊच्या सुमारास मी एकदा भिंतीकडे पाहून घेतो.