वेगाला जागा द्यावी, पण आधी ब्रेक बघावा

जव्हारला कुठूनही या, घाट काही चुकत नाही. विक्रमगडकडून आलात तर चढून यायचं, नाशिक-त्र्यंबककडून मोखाड्यामार्गे आलात तर तोरंगणचा घाट उतरून. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की समोरच्या एसटीचा मागचा दिवा दिसला तरी नशीब समजायचं. जव्हार आणि मोखाडा या दोनच तालुक्यांत माझी सगळी नोकरी झाली. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, पण वळणं होती तिथेच राहिली.

आता माझ्यासारख्या मराठी घेऊन बी. ए. झालेल्या, पंचाहत्तरीकडे झुकलेल्या बाईनं गाड्यांवर लिहावं म्हणजे तुम्हाला गंमत वाटेल. पण विषय निघालाय घरातूनच. माझा नातू (मुलीचा मुलगा, वय २४, बोईसरला नोकरीला) वेगाचा वेडा आहे. सुट्टीला आला की माझी जुनी स्विफ्ट घेऊन मित्रांबरोबर रात्री दाभोशाच्या रस्त्याला जातो आणि वळणावळणांवर मोबाईलवर चित्रण करतो, असं माझ्या कानावर आलं. गाव लहान. शिक्षिकेच्या कानावर सगळं येतंच!

‘हळू चालव रे बाबा’ असं सांगून तरुण मुलगा हळू चालवायला लागला, असं मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. मान डोलावतात, आणि कोपऱ्यावरून वळले की ये रे माझ्या मागल्या. माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. त्याच्या पाड्यातली पहिली मोटरसायकल त्याची. हप्त्यावर घेतलेली. नाशिकला कामाला होता, होळीला घरी येताना घाटात गेला. मोडकी गाडी पुढे वर्षभर त्यांच्या पडवीत उभी होती आणि हप्ते चालू होते. त्याची आई नागली निवडत तिच्याशेजारीच बसायची. त्यानंतर ‘हळू चालव’ हे दोन शब्द मला फार तोकडे वाटायला लागले.

म्हणून नातवाला मी रागावले नाही. विचारलं, ‘हे सगळं करायला रस्त्याशिवाय दुसरी जागा नाही का?’ तो म्हणाला, ‘आहे आजी. ट्रॅक डे.’

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर एक दिवस पैसे भरून आपली रोजची गाडी चालवायची. समोरून कुणी येत नाही, मध्ये गुरं नाहीत, शाळेतून सुटलेली पोरं नाहीत. वळणाबाहेर मोकळी जागा असते, निशाणं घेतलेली माणसं असतात, रुग्णवाहिका उभी असते. आपल्याकडे अशा जागा मोजक्याच. पूर्वी हौशी लोक विमानांच्या धावपट्ट्यांवर भागवायचे. मुंबईला जुहू, मद्रासजवळ शोलावरम. मग चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० मध्ये, कोईमतूरचा ‘करी’ २००३ मध्ये आणि ग्रेटर नोएडाचा ‘बुद्ध’ २०११ मध्ये सुरू झाला. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ तळेगाव दाभाडेच्या बाजूला नाणोलीला आहे. आमचं ठरलं ते नाणोलीचं.

ठरलं असं चटकन लिहिलं, पण त्यात आठ दिवस गेले. ही गाडी मी निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून २०१२ साली घेतली. आमच्याकडे रात्री-बेरात्री काही झालं तर मोठ्या दवाखान्यासाठी नाशिक गाठावं लागतं. म्हणजे ही गाडी आमची रुग्णवाहिकाच. विम्याची पॉलिसी चष्मा लावून वाचली. आयोजित शर्यती, वेगाच्या चाचण्या वगैरेंसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. शर्यत नसली तरी ट्रॅकवर काही झालं तर खर्च आपलाच, असं धरून चालायचं. दुसऱ्या बाजूला सार्वजनिक रस्त्यावर शर्यती लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली गुन्हाच आहे. मी मनात दोन्ही पारड्यांत वजनं टाकली. गाडी गेली तर गाडी जाईल. पडवीत उभ्या राहिलेल्या त्या मोटरसायकलीचं पारडं जड झालं.

मी म्हटलं, ‘अर्धे पैसे माझे. पण एक अट. तयारी माझ्यासमोर करायची आणि वहीत लिहायची. डाव्या पानावर गाडी, उजव्या पानावर तू.’ सवय जात नाही हो!

डावं पान ब्रेकपासून सुरू झालं. मला वाटलं होतं, वेगानं जायचं म्हणजे आधी इंजिन बघायचं. पण मेकॅनिकनं आधी बॉनेटखालची ब्रेक ऑइलची छोटी डबी उघडली. आत पाहतो तो ऑइल चहासारखं झालेलं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ‘डॉट ४’ प्रकारचं नवं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की हाच आकडा १५५ च्या आसपास येऊ शकतो. पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारले की उष्णता आत पोचते, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. ऐकता ऐकता मला आमचे जुने एसटी ड्रायव्हर आठवले. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा, हा त्यांचा दंडक. ब्रेक तापला की दगा देतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

ऑइल बदललं. पुढचे ब्रेक पॅड निम्म्याहून कमी उरले होते, तेही बदलले. मागच्या ड्रमचे लायनर तपासून घेतले. मग टायर. नक्षी चांगली खोल होती, नातू खूश होता. मेकॅनिकनं टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले, २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. बाहेरून बरा दिसला तरी रबर जुनं होऊन टणक झालेलं. चारही टायर नवीन घेतले. (इथे माझं एक महिन्याचं पेन्शन खर्ची पडलं, पण ते नाशिकच्या रस्त्यालाही लागणारच होते.) इंजिन ऑइल खुणेपर्यंत, कूलंट बघितलं, बॅटरी घट्ट आहे ना ते हलवून पाहिलं, चाकांचे नट पान्यानं आवळले. शेवटी गाडी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, पायाखालच्या चटया, पाण्याच्या बाटल्या, माझी छत्री, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा. नातू म्हणाला, ‘आजी, सुटी वस्तू पेडलखाली गेली तर देवही काही करणार नाही.’ गणपती देव्हाऱ्यात गेला.

उजवं पान मात्र कोरंच होतं. ‘मला काय करायचंय? मला येतं की चालवता!’ हे वाक्य मी वर्गात हजारदा ऐकलंय. मी फळ्यावर मांडावं तसं एक गणित मांडलं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. वर्गखोली सात मीटरची धरली तर तीन खोल्या. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तीन वर्ग मागे पडले! आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ४० ला नऊएक मीटर लागत असतील तर ८० ला छत्तीस. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मग पान भरत गेलं. सीट इतकी पुढे, की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकावं. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. ब्रेक सरळ रेषेत मारायचा, मग वळायचं, आणि गाडी सरळ होऊ लागली की मगच ॲक्सिलरेटर. नजर बॉनेटवर नको, वळणाच्या पुढे. हात नजरेमागे जातात. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, पातळ तळव्याचे बंद बूट. आदल्या रात्री झोप, सकाळी हलकं खाणं, दिवसभर पाणी. निशाणांची तर मी तोंडी परीक्षाच घेतली. पिवळं? पुढे धोका, वेग कमी, कुणाला ओलांडायचं नाही. लाल? सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये यायचं. निळं? मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्यायची. काळं? तुझंच काहीतरी चुकलंय किंवा बिघडलंय, आत ये. चौकटीचं? सत्र संपलं. निळ्याशी तो अडखळला. ‘वाट द्यायची’ हे काही त्याच्या पचनी पडेना.

नाणोलीला मीही गेले. नाशिक, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत आदल्या दिवशी चाकणला नातेवाइकांकडे मुक्काम केला. सकाळी आधी हमीपत्रावर सह्या, मग गाडीची तपासणी, मग सूचनांचा वर्ग. हो, वर्गच! मागच्या बाकावर बसणारी मुलं तिथेही होती. पहिल्या फेऱ्या सावकाश, शेजारी शिकवणारा बसलेला. माझा नातू आमच्या घाटातला वाघ, पण पहिल्या सत्रात त्याला सगळ्यांनी मागे टाकलं. निळं निशाण त्याला किती वेळा दिसलं ते मी मोजत होते; नऊ वेळा. आपल्या रस्त्यांवर कुणी ओलांडून गेलं की पुरुषमाणसाचा अपमान होतो. इथे मागच्याला हात करून वाट द्यायची हा शिष्टाचार, आणि जो देतो तोच शहाणा समजला जातो.

दर सत्रानंतर वीसेक मिनिटं गाडी उभी. शेवटची फेरी मुद्दाम हळू, म्हणजे ब्रेक आणि इंजिन निवतात. उभी केल्यावर हँडब्रेक लावायचा नाही, तापलेले ब्रेक तसेच आवळले जातात. गिअर टाकायचा आणि चाकामागे दगड! गरम टायरांचा दाब मोजायचा, कारण तो चढलेला असतो. हे सगळं तो न सांगता करत होता. फेरीला किती वेळ लागला ते मोजायचं नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी घड्याळ नको. दुपारच्या सत्रात एका वळणावर गाडी बाहेर घसरली, धूळ उडाली, थांबली. मी उभी राहिले. पाय लटपटत होते, खोटं कशाला सांगू! एका निशाणवाल्यानं पिवळं दाखवलं, मागच्या गाड्या मंदावल्या, तो सावकाश आत आला. गाडीला ओरखडा नाही. हेल्मेट काढून म्हणाला, ‘आजी, ब्रेक उशिरा मारला.’ मी फक्त एवढंच विचारलं, ‘हेच वळण तोरंगणला असतं तर बाहेर काय होतं?’ त्यानं उत्तर दिलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं, तिथे दरी आहे.

परतताना मला आमच्याकडचा बोहाडा आठवत होता. मोखाडा-जव्हारच्या गावांत रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर मुखवट्यांची सोंगं नाचतात. देव नाचतात तसे राक्षसही नाचतात, चांगले अंगात येऊन नाचतात. पण त्यांची रात्र ठरलेली, जागा ठरलेली, आणि सकाळी मुखवटा उतरवून माणूस शेतावर जातो. आमच्या लोकांनी राक्षसाला हाकलून दिलं नाही, त्याला एक रात्र दिली. वेगाचंही असंच काहीसं करायला हवं, असं मला वाटतं.

नातू सुधारला का, असं तुम्ही विचाराल. रात्री दाभोशाच्या रस्त्याला जाणं बंद झालं, एवढं खरं. घाटात वळणाच्या बऱ्याच आधी त्याचा पाय ब्रेकवर जातो, हे शेजारी बसून मला कळतं. पुढचं पुढे.

पण मनात एक बोचतंच. ट्रॅक डे त्याला परवडला, कारण त्याला नोकरी आहे आणि आजीला पेन्शन. पाड्यावरच्या हप्त्याच्या मोटरसायकलवाल्या पोरांना नाणोली कुठली? म्हणून गेल्या थंडीपासून दर रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर जातो. खडे झाडून काढतो, चुन्याच्या दोन रेषा मारतो. पहिल्या रेषेला ताशी ३० नं यायचं, दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचे आणि दुसऱ्या रेषेच्या आत न घसरता थांबायचं. हेल्मेट नसेल तर नंबर नाही. नातू दाखवतो, मी खुर्ची टाकून वही धरते. आतापर्यंत अकरा पोरं आली. पहिल्याच खेपेला रेषेच्या आत थांबली ती चार. उरलेल्या सातांना पुढच्या रविवारी परत बोलावलंय.