शरदांतला एक तास

शरद ऋतु आला म्हणजे आम्हां उभयतांचें घरांत लक्ष लागत नाहीं. ही खोड आजची नव्हे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनची आहे. वाईस पावसाचे चार महिने काढल्यावर एके दिवशीं आभाळ धुतल्यासारखें स्वच्छ होतें, कृष्णेचें गढूळ पाणी निवळूं लागतें, मेणवलीच्या वाटेवर कासगवताचे पांढरे तुरे डोलूं लागतात, आणि आमच्या सौभाग्यवती दशम्यांचा डबा बांधावयास घेतात. शाळेची नोकरी होती तोंवर रविवार गांठून, आणि निवृत्त झाल्यापासून मनास येईल त्या दिवशीं, आम्ही निघतों. कधीं धोम, कधीं साताऱ्यावरून कासचें पठार. परंतु २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर तें पठारहि युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेलें आणि तेथें माणसांची रीघ लागली. तेव्हांपासून आम्ही बहुधा मेणवलीच्या घाटावरच समाधान मानतों.

नाना फडणिसांच्या वाड्यामागील त्या घाटावर एका लहानशा देवळांत एक मोठी विलायती घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. लहानपणीं आम्ही व आमचा धाकटा बंधु त्या घंटेखालीं उभे राहून, विलायत नेमकी कोणत्या दिशेस, यावर भांडत असूं. आम्ही पश्चिमेकडे बोट दाखवीत असूं. धाकटा म्हणे, वायव्येकडे. पुढें १९८४ सालीं तो यंत्रशास्त्र शिकण्यास जर्मनींत गेला, तेथेंच नोकरीस लागला, आणि तेथल्याच एका शिक्षिकेशीं त्यानें विवाह केला. वडील दोन वर्षें बोलले नाहींत; मग नव्या सुनेनें मराठींत लिहिलेलें चार ओळींचें पत्र आलें आणि त्यांचा राग उतरला. धाकटा वाईस येत राहिला. आम्ही मात्र त्याच्या घरीं एकदांहि गेलों नाहीं.

त्याचें निमंत्रण नव्हतें असें नाहीं. दरवर्षीं तो म्हणे, "दादा, एक शरद इकडे काढा. तुमच्याहून आमचा अगदीं निराळा." आणि दरवर्षीं आम्हांपाशीं कारण तयार असे. सहामाहीचे पेपर नेमके त्याच दिवसांत तपासावयाचे असत; नंतर मातोश्रींचें आजारपण; नंतर घराचें छप्पर. निवृत्तीनंतर कारणें सरलीं, पण 'पुढच्या वर्षीं' हा शब्द जिभेवर बसून गेला होता. जन्मभर मुलांना काळ आणि अर्थ शिकविले. परंतु भविष्यकाळाचा असा आळशी उपयोग आम्हीं स्वतः किती केला, याचा हिशेब कधीं मांडला नाहीं.

त्याची एक गंमत होती. तिकडे उन्हाळ्यांत घड्याळें एक तास पुढें करतात आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारीं पहांटे तीन वाजले कीं तीं पुन्हां दोनवर आणतात. त्या वेळीं आमच्याकडे सकाळचे साडेसहा होतात. नेमका तेव्हां, गेलीं वीस-बावीस वर्षें, त्याचा टेलिफोन येई : "दादा, मला आज एक तास फुकट मिळाला आहे. तो तुमचा." मग चहा निवेपर्यंत आम्ही तिघें बोलत बसूं.

२०२१ च्या वैशाखांत तो गेला. करोनाची दुसरी लाट इकडे भरांत होती, आणि एप्रिलच्या अखेरीपासून जर्मनीनें हिंदुस्थानांतून येणारांस जवळजवळ दार बंद केलें होतें. त्याचा अखेरचा निरोप आम्हीं हातांतल्या कांचेच्या पट्टीवर पाहिला. त्या ऑक्टोबरांत रविवारीं साडेसहा वाजले आणि टेलिफोन वाजला नाहीं. सौभाग्यवतींनीं चहा तीनदां गरम केला.

त्यास मूल नाहीं. ज्येष्ठानें कनिष्ठास पाणी द्यावें हा सृष्टीचा क्रम नव्हे. तरी सर्वपित्री अमावास्येस आम्ही त्याचें नांव घेऊं लागलों. २०२३ सालीं अधिक महिन्यामुळें ती अमावास्या १४ ऑक्टोबरास आली. त्या दिवशीं ओंजळींतून पाणी सोडतांना सौभाग्यवती दारांतून इतकेंच म्हणाल्या, "ज्याच्या घराचा उंबरठा आपण पाहिला नाहीं, त्याला येथून पाणी पोंचत असेल का?" उत्तर आमच्या शास्त्रांत होतें, पण तें देववलें नाहीं. कन्या हॉलंडांत आइंडहोवेन येथें राहते. तिच्याकडे जाण्याचा परवाना व तिकिटें हातीं होतींच. दुसऱ्या दिवशीं आम्हीं कृष्णेचें पाणी एका लहान तांब्याच्या गडूंत भरून त्याचें तोंड लाखेनें बंद केलें आणि तो सामानाच्या पेटींत ठेवला.

ऑक्टोबराच्या २६ तारखेस कन्येनें आपली मोटार काढली. मागें सौभाग्यवती व तीन वर्षांची नात, पुढें आम्ही. तिकडे मोटारी रस्त्याच्या उजव्या अंगानें जातात आणि चाक डावीकडे असतें; त्यामुळें आमच्या रोजच्या संवयीनें आम्ही चालकाच्या जागीं बसलों होतों आणि पायाखालीं नसलेला ब्रेक सारखा दाबीत होतों. व्हेनलोपाशीं एक निळी पाटी मागें गेली आणि कन्या म्हणाली, "बाबा, जर्मनी." ना फाटक, ना शिपाई. युरोपांतील पांच राष्ट्रांनीं १९८५ सालीं शेंगेन गांवीं करार केला, १९९५ पासून तो अमलांत आला, आणि पुढें त्यांत आणखी राष्ट्रें सामील झालीं, त्याचें हें फळ. ज्या दोन देशांच्या मधोमध महायुद्धांत रक्त सांडलें, त्यांच्यामधील सीमा आमच्या नातीनें झोपेंत ओलांडली.

जर्मन महामार्गांवर पुष्कळ ठिकाणीं वेगास कायद्याची मर्यादा नाहीं. ताशीं १३० किलोमीटरांचा सल्ला १९७८ पासून आहे, पण तो सल्लाच. कन्या तो सल्ला मानीत होती आणि डावीकडून जाणारे मानीत नव्हते. कोब्लेन्झच्या अलीकडे मोझेल नदीवर १३६ मीटर उंचीचा पूल लागतो. सौभाग्यवतींनीं डोळे मिटून घेतले. आम्हीं उघडे ठेवले, आणि खालीं उभ्या उतारावर ओळीनें लावलेले द्राक्षांचे मळे पाहिले. सारे पिवळे झालेले. पुढें रस्त्याच्या दोन्ही बाजूंस वनेंच्या वनें तांबूस, शेंदरी, पिवळीं. आमच्या कवींचा शरद पांढरा : चांदणें, हंस, कासगवत, रिते झालेले मेघ. येथला शरद पेटलेला. धाकटा म्हणत होता तें खरें होतें; परंतु 'बघ, तुझें खरें होतें' असें म्हणावयास तो नव्हता.

वाटेंत स्पायर येथें मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं दुपारीं ट्यूबिंगेनला पोंचलों. गांव नेकार नदीच्या कांठीं, डोंगरावर किल्ला, खालीं उतरत्या छपरांचीं जुनीं घरें. येथल्या विद्यापीठांत रुडॉल्फ रोथ शिकवीत असत. ब्योटलिंक आणि रोथ या दोघां पंडितांचा संस्कृत कोश १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत सात खंडांत सेंट पीटर्सबर्गहून प्रसिद्ध झाला. धाकटा आम्हांस चिडविण्यास म्हणे, "दादा, तुमचे शब्द आमच्या गांवांत मोजून ठेवले आहेत." त्या शब्दांपैकीं एक शरद्. त्याचा अर्थ ऋतु, आणि वर्षहि. वैदिक ऋषि शंभर वर्षें मागतात तेव्हां शंभर शरद मागतात. धाकट्यानें तेथें सदतीस शरद पाहिले. त्यांतील एकहि आम्हीं त्याच्यासवें पाहिला नाहीं.

भावजयीनें दार उघडलें आणि आम्हांला 'दादा' व सौभाग्यवतींना 'वहिनी' म्हणून हांक मारली. त्या भागांत शरदांत कांद्याची एक पोळी भाजतात. घरोघर तिचा वास येत होता. परंतु आमच्या पानांत भोपळ्याचें सार आणि भात आला. चातुर्मासांत तिची सासू कांदा खात नसे, हें तिनें ध्यानांत ठेवलें होतें. सौभाग्यवती घांस हातांत धरून कितीतरी वेळ तशाच बसल्या.

दुसऱ्या दिवशीं, २८ तारखेस, आम्ही वनांत गेलों. जर्मनींत बहुतेक राज्यांत दहनानंतर अस्थि घरीं आणतां येत नाहींत. नेमलेल्या जागींच त्या पुराव्या लागतात. २००१ पासून तेथें कांहीं अरण्येंच यासाठीं राखून ठेवलीं आहेत. समाधि नाहीं, चौथरा नाहीं; झाडाच्या मुळाशीं अस्थि आणि बुंध्यावर एक लहानशी पट्टी. धाकट्याचें झाड बीच जातीचें, उंच आणि राखी सालीचें. पानें तांब्याच्या भांड्यासारखीं झालीं होतीं आणि एकेक करून गळत होतीं.

भावजयीनें जन्मभर शाळेंत वनस्पतिशास्त्र शिकविलें. शिक्षकांची जात सगळीकडे सारखीच; ती सांगूं लागली. पानांतला पिवळा रंग शरदांत येत नाहीं. तो आधींपासून असतोच, फक्त हिरव्याखालीं झांकलेला. दिवस आखूड होऊं लागले कीं हिरवें द्रव्य मोडतें, झाड पानांतील सत्त्व फांद्यांत व मुळांत परत ओढून घेतें, आणि मग देंठापाशीं एक पातळ पडदा धरतें. पान वारा पाडीत नाहीं. वारा केवळ निमित्त. झाडानें त्याची तयारी कित्येक आठवडे आधीं केलेली असते. तिनें इंग्रजींत सांगितलें, कन्येनें आईस मराठींत सांगितलें, आणि आम्ही निमूटपणें ऐकलें. आम्हीं मात्र कशाचीच तयारी केली नव्हती.

तेथें फुलें, दिवे, कांहींएक ठेवावयाचें नाहीं असा नियम आहे. काळे तीळ खिशांतच राहिले. गडू हातांत धरून आम्ही घुटमळलों. भावजय म्हणाली, "पाणी चालेल, दादा. पाऊस पडतोच." आम्हीं लाख फोडली, दक्षिणेकडे तोंड केलें, आणि कृष्णेचें पाणी त्या मुळांशीं सोडलें. मंत्र म्हटला तो पुरा झाला कीं नाहीं, आठवत नाहीं. "पुढच्या वर्षीं नाहीं रे, आतां आलों," एवढें मराठींत बोललों, तें आठवतें.

त्या रात्रीं कोजागरी होती आणि चंद्रास ग्रहणहि होतें. तिकडे साडेनऊच्या सुमारास स्पर्श होऊन अकराच्या आंत मोक्ष झाला. ढगांच्या फटींतून चंद्राची कड किंचित् कुरतडल्यासारखी दिसली. मोक्षानंतर भावजयीनें केशर घातलेलें दूध खिडकींत ठेवलें. दरवर्षीं दोघें असेंच ठेवीत, असें ती म्हणाली. कन्या व नात निजल्या. आम्ही तिघें जागत बसलों. धाकट्याच्या लहानपणच्या गोष्टी तिला ठाऊक नव्हत्या. तिच्या घरांतल्या धाकट्याच्या गोष्टी आम्हांस ठाऊक नव्हत्या. तो भात करपवीत असे, हें आम्हांला नवें. तो मेणवलीच्या घंटेखालीं उभा राहून दिशांवर वाद घाली, हें तिला नवें. तिनें नकाशा आणला. वाईहून जर्मनी वायव्येसच आहे.

तीन वाजले तशी ती उठली आणि भिंतीवरचें जुनें घड्याळ थांबवून तिनें कांटे दोनवर आणले. त्या वर्षीं कोजागरीची जाग आणि तो फुकटचा तास एकाच रात्रीं आले होते. "हा तुमचा," ती म्हणाली. सरलेलीं वर्षें परत मिळत नाहींत. तो एक तास मात्र आम्हांस मिळाला, आणि तो आम्हीं पुरा बसून संपविला.

वाचकहो, आमच्या वयास उपदेशाची हौस असते. ती एका वाक्यांत भागवितों. कोणी 'या' म्हणत असेल तर छप्पर गळत असलें तरी जावें.

आतां दर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं, सकाळीं साडेसहाच्या ठोक्यास, आमचा टेलिफोन पुन्हां वाजतो. पलीकडून भावजय म्हणते, "दादा, एक तास आहे." सौभाग्यवती चहाचें आधण आधींच ठेवून बसलेल्या असतात.