चेहरा, बाजार, वाळवंट आणि कोन

पनवेल सोडून जुन्या पुणे रस्त्याला लागले, की पळस्पे फाट्यावर गोव्याची वाट उजवीकडे वळते आणि सरळ जाणाऱ्याला थोड्याच अंतरावर कोन लागते. बहुतेकांच्या लेखी कोन म्हणजे द्रुतगती मार्गावर चढण्याची एक जागा. गाडीची काच इथे खाली होते ती रस्ता विचारण्यासाठी. छायाचित्र काढण्यासाठी कोणी थांबत नाही. ज्यांच्या पिशवीत कॅमेरा असतो, त्यांच्या मनात जैसलमेर, पुष्कर, कच्छ अशी नावे घोळत असतात. प्रवासी छायाचित्रकाराची तीन आराध्ये जणू ठरलेलीच आहेत: सुरकुतलेला चेहरा, गजबजलेला बाजार आणि रिकामे वाळवंट. गावाचे नावच कोन असावे आणि छायाचित्रकाराला तिथे एकही कोन सापडू नये, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

वास्तविक या रस्त्याला प्रवाशांची सवय फार जुनी. बोरघाटातील गाडीमार्ग १८३० साली खुला झाला, तेव्हा मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून घाटाकडे निघे. देशावरचा माल याच वाटेने खाली येई. पुढे १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग गेला, तो कल्याण-कर्जतकडून. पनवेलची पेठ बाजूला राहिली. व्यापारी कुटुंबांना अशा घटनेचा अर्थ सांगावा लागत नाही. रस्ता सरकला की गिऱ्हाईक सरकते, आणि गिऱ्हाईक सरकले की दुकानाची पाटी तीच राहून आतली माणसे बदलतात. माणसे तेथून कोठे गेली, हे मात्र कोणत्याच नकाशावर उमटत नाही. ते चेहऱ्यांतून वाचावे लागते, आणि चेहऱ्यांबरोबर नावे असतील तरच वाचता येते.

नावांचा हा प्रश्न छायाचित्रणाच्या मुंबईतील आरंभापासूनचा आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी एक. त्याच काळात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील ज्ञातींची चित्रे घेतली. ती १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या खंडात गुजरात, कच्छ व काठियावाड येथील लोक आहेत, दुसऱ्यात महाराष्ट्रातील. चित्रे देखणी आहेत. पगड्यांचे पीळ, उपरण्यांच्या किनारी, हातातील काठ्या, सारे स्वच्छ दिसते. परंतु त्यांतील कित्येक चित्रे एका जागी घेतलेलीच नाहीत. माणसे एकीकडे बसवून टिपली, त्यांच्या आकृती कापून घेतल्या आणि दुसरीकडच्या दृश्यावर चिकटवल्या. चित्राखाली ज्ञातीचे नाव येते, माणसाचे येत नाही. पेढीवर बसणारा, हुंडी वटवणारा, घरी चार मुले असणारा एक गृहस्थ तेथे केवळ आपल्या जातीचा नमुना होऊन उभा आहे. आज त्याचा पणतू ते चित्र पाहील, तरी त्याला ओळखणार नाही.

याउलट उदाहरण लाला दीनदयाळ यांचे. मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करू लागले आणि तिथेच छायाचित्रणाकडे वळले. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. १८८५ साली ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार झाले. हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा’ किताब दिला, आणि १८९६ च्या सुमारास त्यांचा स्टुडिओ मुंबईतही निघाला. त्यांच्या छायाचित्रांच्या कडेला अनेकदा क्रमांक आणि स्थळाचे नाव लिहिलेले आढळते. अंदाजपत्रके करणाऱ्या माणसाची ही सवय असावी, असे मानण्याचा मोह होतो. त्यांच्या काचपट्ट्यांचा मोठा संग्रह आता दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. एवढे मागे उरले याचे श्रेय कलादृष्टीइतकेच नोंदीच्या शिस्तीलाही द्यावे लागेल.

अर्थात दीनदयाळ राजेरजवाड्यांचे छायाचित्रकार होते, आणि राजाचे नाव लिहून ठेवायला कोणी विसरत नाही. खरी परीक्षा बाजारात होते.

बाजारात कॅमेरा घेऊन शिरलेल्या पाहुण्याकडे दुकानाच्या आतून पाहिले, तर तो निराळाच दिसतो. सकाळची बोहनी व्हायची असते. पाहुणा फळीसमोर उभा राहतो, गिऱ्हाइकाची वाट अडवतो, तराजू तोलणाऱ्या हाताचे दहा-पंधरा फोटो घेतो आणि काही न घेता पुढे जातो. त्याच्या मते ते ‘सहज टिपलेले क्षण’ असतात. गल्ल्यावर बसलेल्याच्या मते ती उधारी असते. जाणते छायाचित्रकार म्हणून आधी पावशेर शेंगदाणे घेतात, दोन शब्द बोलतात आणि मग विचारतात. विचारल्यावर माणूस ताठ बसतो, केस सारखे करतो, सहजता जाते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरीही आहे. पण ताठ बसलेला माणूसही खराच असतो. आपण कसे दिसावे, हे ठरवण्याचा त्याचा हक्क त्या ताठ बसण्यात दिसतो. थोडा वेळ थांबले, एक-दोन गिऱ्हाइके येऊन गेली, की तो पुन्हा तराजूकडे वळतो आणि हवे ते चित्र तेव्हा आपोआप मिळते. घाई असलेल्याला ते मिळत नाही, इतकेच.

पनवेल-खोपोलीच्या या पट्ट्यात दुकानाच्या फळीपर्यंत जायचीही गरज नाही. वैशाखात करवंदे-जांभळांचे द्रोण घेऊन आणि पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन कातकरी व ठाकर बाया रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांचा बाजार एका टोपलीएवढा असतो. गाडीतूनच फोन पुढे करून त्यांचा फोटो घेणारे पुष्कळ असतात. भाव विचारून, घासाघीस करून, काही न घेता निघून जाणारेही तेच.

वाळवंटाची गोष्ट याहून अवघड आहे, कारण वाळवंट सहजासहजी खोटे बोलायला लावते. जैसलमेरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर सम येथील वाळूचे धोरे आहेत. सूर्य माथ्यावर असताना ती वाळू सपाट, निर्जीव दिसते. तो कलला, की तिरप्या प्रकाशात प्रत्येक लहानशा वळीला सावली येते आणि धोऱ्याची धार उमटते. म्हणून सारे छायाचित्रकार सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ धरतात. तेथे अडचणीही विचित्र असतात. वारा सुटल्यावर भिंग बदलावयास घेतले, तर बारीक रेती कॅमेऱ्याच्या पोटात जाते. फार उजळ दृश्य समोर आले, की यंत्राचे प्रकाशमापक ते मध्यम करड्याच्या जवळ आणते. मग कच्छच्या रणातले पांढरे मीठ चित्रात राखेसारखे येते आणि प्रकाश मुद्दाम वाढवून घ्यावा लागतो. यासाठी कच्छपर्यंत जाण्याचेही कारण नाही. उरण-पेणकडच्या मिठागरांत दुपारी उभे राहिले, तरी कॅमेरा हीच चूक करतो.

ही झाली यंत्राची चूक. माणसाची वेगळी. सूर्यास्ताच्या वेळी समला उंट, जीपगाड्या, तंबू, खुर्च्या आणि सहलीला आलेली कुटुंबे यांची दाटी असते. छायाचित्रकार चौकट थोडी उचलतो, थोडी डावीकडे नेतो, आणि घरी येते ते निर्मनुष्य वाळवंट, त्यात एकच उंट, एकच फेटा. पाहणारा उसासा टाकतो: किती शांतता! ती शांतता चौकटीच्या कडेने कातरून काढलेली असते.

मारवाडातून आलेल्या कुटुंबांना तरी ही रिकामी चित्रे फसवू शकणार नाहीत. थरचे वाळवंट कधी रिकामे नव्हते. त्यातून काफिल्यांच्या वाटा जात; जैसलमेरची पटवांची हवेली, पाच हवेल्यांचा तो पिवळ्या दगडातील समूह, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गुमानचंद पटवा यांच्या कुटुंबाने याच व्यापारातून उभा केला. पावसाचे पाणी धरणारी टांकी, वाळूखालचा ओलावा राखणाऱ्या बेऱ्या, त्यांच्यावर कोणाचा हक्क याचे ठरलेले नियम, असा तेथे प्रत्येक घोटाचा हिशेब होता. तो हिशेब मोडला विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात. ‘छप्पनिया’ हा शब्द घरातली वृद्ध माणसे अजूनही वेगळ्या आवाजात उच्चारतात. त्या आधी आणि त्या नंतर किती घराणी गाव सोडून दक्षिणेकडे, कोकणाकडे, देशावर उतरली. त्यांच्या मागे राहिलेल्या ओट्यांवर आज छायाचित्रकार ‘काळाच्या खुणा’ शोधत असतात.

अशाच वगळलेल्या माणसांचे उदाहरण कोनच्या क्षितिजावर आहे. पाऊस उघडला की इथून प्रबळगडाची भिंत आणि दक्षिणेस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. थोडे पुढे, खालापूर तालुक्यात, इरशाळगड आहे. पावसाळी भटकंती करणाऱ्यांचा तो आवडता गड. त्याच्या ढगात बुडालेल्या माथ्याची चित्रे अगणित आहेत. त्या गडाच्या अंगावर ठाकरांची इरशाळवाडी होती, आणि गडाच्या चित्रांत ती आलीच तर कडेला, छपरांच्या चार ठिपक्यांइतकी. १९ जुलै २०२३ च्या रात्री ती दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले आणि सत्तावन्न माणसांचा शोध थांबवावा लागला. त्या दिवसानंतर जुनी चित्रे पाहणाऱ्याची नजर सुळक्यावर ठरत नाही. ती खाली, ठिपक्यांकडे जाते.

कोनमध्ये थांबण्याचे कारण इथे सापडते. गावाच्या शिवारात आता उंच इमारती आहेत. त्यांतील काही घरे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ठेवलेली. एकशे साठ चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर, अशा सुमारे दोन हजार चारशे घरांची सोडत २०१६ च्या डिसेंबरात निघाली. ज्या संपाने गिरणगाव विस्कटले तो जानेवारी १९८२ चा. म्हणजे चौतीस वर्षांनी चिठ्ठी उघडली. त्यानंतरही ताबा लगेच मिळाला नाही. २०२० च्या साथीत या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. मूळ कामगार तोवर कित्येक ठिकाणी हयात राहिला नव्हता आणि घर वारसाच्या नावे मागावे लागत होते.

सुरकुतलेल्या चेहऱ्यासाठी बाराशे किलोमीटर जाणाऱ्याने हे ध्यानात घेण्यासारखे आहे. साच्यावर उभे राहून ज्याचे कान गेले, तो विणकर त्या वाळवंटातल्या वृद्धाइतकाच जगलेला असतो. त्याच्या डोक्याला लाल फेटा नसतो, मागे सोनेरी वाळू नसते; गच्चीच्या कठड्याला टेकलेला पांढरा सदरा असतो आणि मागे पाण्याची टाकी. चित्र म्हणून ते फिके पडेल, हे मान्य करावे लागते. पण त्याला नाव विचारता येते, गिरणीचे नाव विचारता येते, खाते कोणते हे विचारता येते, आणि भाषा त्याचीच असल्याने उत्तर कळते.

या रस्त्यावरून पहाटे आणखी एक चित्र जाते. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात, आणि मुंबई-पुण्यामधल्या या वाटेवर पांढऱ्या वस्त्रांतील लहान-लहान मेळे कडेने चालताना दिसतात. अशा वेळी फ्लॅशचा झोत टाकू नये, हे बहुतेक श्रावकांना ठाऊक असते. बाहेरच्या छायाचित्रकाराला ते सांगावे लागते. अवजड वाहनांच्या या रस्त्यावर दिव्यांच्या झोतापेक्षा चालकाचे भान अधिक गरजेचे, हेही.

आता थोडे घरातल्या डब्याविषयी. व्यापारी कुटुंबात शंभर वर्षांपूर्वीच्या वहीत अमुक मितीला कोणाकडून किती आले, हे पैशापर्यंत सापडते. त्याच कपाटातल्या छायाचित्राच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो आणि नाव कोणाचेच नसते. आजकालच्या फोनमध्ये तारीख, वेळ, कधी कधी ठिकाणही आपोआप नोंदले जाते. माणसाचे नाव तेवढे राहते. पुढच्या सुट्टीत तो डबा घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपुढे उघडून ठेवावा. ‘ही सादडीची आत्या, ही तिची जाऊ’ असे ती सांगू लागली, की शेजारी बसणाऱ्याच्या हाती मऊ शिसपेन्सिल असावी. जुन्या कागदी फोटोंच्या पाठीवर ती हलक्या हाताने, कडेला चालवावी. बॉलपेनचे ओरखडे पुढून दिसतात. नव्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल उमटत नाही. ते कागदी पाकिटात घालावेत आणि नाव पाकिटावर लिहावे, फोटो आत ठेवण्याआधी.