‘कोणाचो रे तू?’ आणि ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. जत्रेची नाही, रस्त्याच्या खड्ड्यांची नाही, वाळूचीही नाही. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण प्रश्न आपल्याच पोरांच्या नोकरीचा आहे.

बारावी किंवा आयटीआय झालेली, हॉटेल लाइनचा छोटा-मोठा कोर्स केलेली आपली पोरं-पोरी इंटरव्ह्यूला निघण्याआधी माझ्याकडे येतात. पत्रकार म्हणजे त्याला इंग्रजी येत असणार, असा गावाचा समज. माझा पत्रकारितेचा डिप्लोमा मराठीतून झालाय, हे मी सांगून दमलो. ती येतात, ओट्यावर बसतात आणि पाठ करून आणलेलं म्हणून दाखवतात. ‘मायसेल्फ अमुक तमुक. माय नेटिव्ह प्लेस इज मसुरे, तालुका मालवण, डिस्ट्रिक्ट सिंधुदुर्ग. माय फादर इज अ फार्मर. माय मदर इज अ हाउसवाइफ. देअर आर फाइव्ह मेंबर्स इन माय फॅमिली. माय हॉबी इज प्लेइंग क्रिकेट.’ आणि शेवटी श्वास सोडून, ‘दॅट्स ऑल अबाउट मी.’

कोणीही येवो, मजकूर हाच. फक्त नाव बदलतं. कुठल्यातरी क्लासात एक कागद दिलेला असतो, तो भावाकडून भावाकडे जातो.

आता हे ऐकून समोरच्या माणसाला काय कळलं? घरात माणसं किती, बापूस काय करतो, आई काय करते. पोरगा स्वतः काय करतो, त्याला काय येतं, हे शेवटपर्यंत कळत नाही. यातलाच एक दोन सीझन तारकर्लीला स्नॉर्कलिंगच्या होडीवर होता. घाबरलेल्या बायाबापड्यांना समजावून पाण्यात उतरवायचा. मी म्हटलं, हे का नाही सांगत? तर म्हणतो, ‘तेच्यात काय सांगूचा? ता सगळेच करतत.’

मला विचाराल तर या पोरांचा दोष नाही. आपण त्यांना जन्मापासून वेगळाच परिचय द्यायला शिकवलंय. आपल्याकडे अनोळखी पोर दिसलं की पहिला प्रश्न असतो, ‘कोणाचो रे तू?’ दुसरा, ‘खंयच्या वाडयेतलो?’ तिसरा, ‘आवशीचा म्हायार खंयचा?’ या तीन उत्तरांत माणूस बसवला की मग आपण खुश. ‘अरे, म्हंजे तू आमचोच! तुझ्या बापाशीक मी वळाखतंय.’ मग चहा येतो. तू काय करतोस, हा प्रश्न चहानंतर आला तर आला.

आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचंच उदाहरण घ्या. २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. माणूस स्वतः डॉक्टर, डब्लिनमध्ये वाढलेला. पण आपल्या जिल्ह्यात त्यांची ओळख एकच, वराडच्या अशोक वराडकरांचो झील. २०१९ च्या डिसेंबरात ते कुटुंबाला घेऊन वराडला आले तेव्हा गावाने आपल्या घरचा माणूस म्हणूनच त्यांचं स्वागत केलं. पंतप्रधानपद काय, नंतरचं. आणि पुढची गंमत बघा. १२ मार्च २०२० ला, करोना नुकता पसरत असताना, हेच वराडकर व्हाइट हाऊसमध्ये गेले आणि त्यांनी व ट्रम्पसाहेबांनी हात मिळवायच्या ऐवजी एकमेकांना नमस्कार केला. आमच्याकडे तो फोटो व्हॉट्सॲपवर इतका फिरला की जणू वराडच्या देवळातच काढलेला.

हे सगळं गोड आहे. मलाही ते गोड वाटतं. पण या ‘कोणाचो’ला दुसरी बाजू आहे आणि ती आपण सगळे जाणतो, बोलत नाही एवढंच.

‘खंयच्या वाडयेतलो?’ हा प्रश्न सगळ्यांना सारखा ऐकू येत नाही. आपल्या कोकणात बऱ्याच वाड्या जातीजातीने वसलेल्या. वाडी सांगितली की जात कळली. २ डिसेंबर २०२० ला राज्य मंत्रिमंडळाने वाड्या-वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. त्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची ठरली. त्या वेळी मी बातमी दिली होती. फलक बदलता येतात. विचारायची पद्धत शासन निर्णयाने बदलत नाही. नवीन नाव सांगितलं तरी समोरचा विचारतो, ‘म्हंजे आधीची खंयची?’

अशाच एका वाडीतला एक मुलगा गोव्यात हॉटेलात ट्रेनिंगला लागला. चतुर्थीला गावी आला तेव्हा भेटला. म्हणाला, ‘तीन म्हयने कोणी इचारूक नाय, तू खंयच्या वाडयेतलो. पयल्यांदा इतक्या बरा वाटला.’ थोडा थांबला आणि म्हणाला, ‘पण जेवलंस काय, ह्या पण कोणी इचारूक नाय.’

या दोन वाक्यांनीच मला ही पोस्ट लिहायला लावली. कामधंद्यातल्या इंग्रजी गप्पांना आपण ‘वरवरच्या’ म्हणून नाकं मुरडतो. हवा छान आहे, प्रवास कसा झाला, ऑफिस सापडायला त्रास नाही ना झाला? आपल्याला वाटतं, या माणसाला माझ्याबद्दल काही घेणंदेणं नाही. घेणंदेणं नाही हे खरं, पण त्यातच एक सोयही आहे. हवेला वाडी नसते. पहिल्या भेटीत घर, आडनाव, पगार, लग्न, मूल हे विचारायचं नाही, असा तिथला अलिखित नियम. ज्याला आयुष्यभर त्याच प्रश्नांतून जावं लागलं, त्याला तो कोरडा नियम सावलीसारखा वाटू शकतो.

आणि खरं सांगू? वरवरच्या गप्पा आपल्याला येत नाहीत, असं अजिबात नाही. बाजारात जाताना कोणी विचारतं, ‘खंय चललंस?’ आपण म्हणतो, ‘खंय नाय, हयसरच.’ दोघंही पुढे जातात. विचारणाऱ्याला पत्ता नको असतो आणि सांगणाऱ्याने दिलेलाही नसतो. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की नावाच्या अभ्यासकाने १९२३ साली हे लिहून ठेवलंय. तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता. तिथलेही लोक मासेमारी करणारे, आपल्यासारखेच. त्याचं म्हणणं असं की ‘आज हवा छान आहे’ आणि ‘कुठून येतोयस?’ ही एकाच जातीची वाक्यं. माहिती मिळवायला नसतात, शांततेचा अवघडपणा मोडायला असतात.

म्हणजे ‘हाऊ आर यू?’ हे आपल्या ‘खंय चललंस?’चं भावंडं. उत्तर ‘हयसरच’ एवढंच हवं. ‘फाइन, थँक यू, हाऊ आर यू?’ पण आपला माणूस तिथे गुडघेदुखी सांगतो, नाहीतर नुसतं ‘यस’ म्हणून खाली बघतो. ‘हाऊ वॉज युअर जर्नी?’ म्हटलं की एकजण पहाटे चारला उठल्यापासून सुरू करतो, एसटी, कणकवली, ट्रेन लेट. दुसरा म्हणतो ‘गुड सर’ आणि गप्प. समोरच्याला दोन वाक्यं हवी असतात आणि त्यात पुढचं बोलायला एखादा धागा. ‘लांबचा प्रवास होता, पण ट्रेनमधून पाऊस छान दिसला.’ बस. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने मनात जे ठरवायचं असतं, त्यातलं बरंचसं तो सर्टिफिकेटची फाइल उघडण्याआधी, या दोन मिनिटांत ठरवतो.

आता होमस्टेवाल्यांसाठी. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ साली. चिपीला विमान उतरलं ९ ऑक्टोबर २०२१ ला. पाहुणे बंगळूरचे, दिल्लीचे, परदेशातलेही येतात. आपले लोक मायेचे आहेत, मासे चढवून वाढतात. तरी काही पाहुण्यांना ते उद्धट का वाटतात? मी यावर बराच विचार केला. माझ्या मते कारण व्याकरणात आहे. आपली मराठी अदब क्रियापदात असते. ‘बसा’, ‘द्या ना जरा’, ‘येवा’. त्या एका रूपातच मान आला, वेगळा शब्द लागत नाही. ‘कृपया’ आपण फक्त फलकावर वाचतो आणि ‘धन्यवाद’ स्टेजवर म्हणतो. घरात कोणी पाणी दिलं म्हणून आभार मानले तर आई विचारेल, बरं आहे ना तुला? हीच वाक्यं इंग्रजीत नेली की ‘आधार द्या’चं ‘गिव्ह आधार’ होतं आणि ‘बसा’चं ‘सिट’. सगळा मान वाटेत गळून पडतो आणि उरतो नुसता हुकूम. इंग्रजीत तो मान वेगळा घालावा लागतो. ‘प्लीज’, ‘कुड यू’, ‘मे आय सी’. फोडणी वरून द्यावी तसा.

एक बारीकशी गोष्ट. निघताना आपण ‘जातंय’ म्हणत नाही, अशुभ वाटतं. ‘येतंय हां’ म्हणतो. माझ्या ओळखीचा एक वेटर जेवण वाढून झालं की पाहुण्यांना सांगायचा, ‘ओके, आय कम.’ आणि जायचा. पाहुणे बिचारे त्याची वाट बघत बसायचे.

सरकारलाही या विषयात रस आहे बरं का. आठवतंय का, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी जाहीर केलं की सरकारी कार्यालयांत फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायचं. १ ऑक्टोबरला शासन निर्णय निघाला. टीव्हीवर आठवडाभर वाद. हा ‘हॅलो’ काही फार जुना शिष्टाचार नव्हे. १८७७ साली टेलिफोनवर हाक मारायला तो एडिसनने सुचवला. बेलला स्वतःला ‘अहॉय’ पसंत होतं, दर्यावर्दी लोकांची आरोळी. ते टिकलं असतं तर आपल्या मालवणकरांना शोभलं असतं.

ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं, वंदे मातरम् म्हणावं, नमस्कार म्हणावा. माझं दुखणं दुसऱ्या वाक्याचं आहे. पत्रकार म्हणून वीस वर्षं सरकारी फोन लावतोय. पहिल्या शब्दानंतर पलीकडून येतं, ‘कोण बोलतंय?’ फोन उचलणारा स्वतःचं नाव सांगत नाही, कुठला विभाग ते सांगत नाही. साहेब नाहीत, उद्या करा, खट्. इंग्रजी धंद्याच्या शिष्टाचारातली एकच गोष्ट उचलायची झाली तर मी हीच उचलेन. फोन घेणाऱ्याने आधी आपलं नाव, विभाग सांगायचा आणि विचारायचं, काय मदत करू? मराठीतच, मालवणीत पण चालेल. यासाठी शासन निर्णय निघाला असता तर मी पहिल्या पानावर बातमी लावली असती.

परत पोरांकडे येतो. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज बारावी झालेला पोरगा बारा वर्षं इंग्रजी शिकलेला असतो. बारा वर्षांत त्याने निबंध लिहिले, गाळलेल्या जागा भरल्या, टेन्स बदलले. पण वर्गात कोणी त्याला उभं करून, हात पुढे करून, ‘गुड मॉर्निंग, हाऊ वॉज युअर जर्नी?’ विचारलेलं नसतं. आमच्या आधीची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकली, आमच्या पिढीने कपिल देवचा फोटो बघून रॅपिडेक्स घेतलं. त्यातून वाक्यं मिळाली, समोर माणूस मिळाला नाही. बोलणं पोहण्यासारखं आहे, ओट्यावर बसून येत नाही.

त्या होडीवाल्या पोराला मी शेवटी कागद बाजूला ठेवायला लावला. त्याने जे मालवणीत सांगितलं त्याची तीन इंग्रजी वाक्यं आम्ही दोघांनी मिळून केली. ‘आय ॲम फ्रॉम मसुरे, निअर मालवण. फॉर टू सीझन्स आय वर्क्ड ऑन अ स्नॉर्कलिंग बोट. आय ॲम गुड विथ पीपल हू आर अफ्रेड ऑफ वॉटर.’ बापूस नाही, मेंबर्स नाहीत, हॉबी नाही. पहिल्यांदा त्याला ते अर्धवट वाटलं. ‘बाबांचा नाव नको घेव?’ असं दोनदा विचारलं त्याने. मी म्हटलं, ते विचारतील तर सांग. तिसरं वाक्य ऐकून कोणीही विचारेल की घाबरलेल्या माणसाला तू काय सांगतोस रे, आणि मग ह्याला थांबवायची पाळी येईल, कारण त्या विषयावर हा तासभर बोलतो.

यासाठी फी भरून क्लास लावायची गरज नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास, दोघादोघांच्या जोड्या, एक पाहुणा, एक हॉटेलवाला. एक साहेब, एक उमेदवार. दोन शाळांमध्ये मी बोललोय. एकीकडे ‘बघू’ म्हणाले, दुसरीकडे ‘जागा देतो, शिकवणारे आणा’ म्हणाले.

तर मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनो, तुमच्यात बँकेतले, कंपनीतले, जहाजावरचे कितीतरी आहात. मे महिन्यात तुम्ही येणार आणि आम्ही नेहमीचे दोन प्रश्न विचारणारच, ‘कधी इलंस? जातलंस कधी?’ त्या दोन तारखांच्या मधला एक तास पोरांना द्या. नाव कमेंटमध्ये टाका किंवा मेसेज करा, वेळ मी जुळवतो. आणि ज्यांनी नुकताच इंटरव्ह्यू दिलाय त्यांनी फक्त एवढंच लिहा, आत गेल्यावर तुम्हाला पहिलं वाक्य काय बोलले आणि तुम्ही काय उत्तर दिलंत. खरंखुरं लिहा, हसणार नाही कोणी. सरावाला तीच वाक्यं लागणार आहेत.