उडी आणि उतरण

मनुष्याने कोणत्या वयात काय शिकावे, याविषयी आपल्या सुशिक्षित समाजाचे नियम मोठे कडक आहेत. पन्नाशीनंतर पेटी शिकलेली चालते. योगासने तर सर्वांस मान्यच आहेत. परंतु या वयाच्या गृहस्थाने दोनशे किलो वजनाची मोटारसायकल मातीच्या उंचवट्यावरून हवेत घालण्यास शिकावे, हे कोणत्याच नियमात बसत नाही. तथापि गेल्या उन्हाळ्यात आम्ही हीच विद्या संपादन केली. आणि ती ज्या कारणाने केली ते ऐकल्यावर वाचक आम्हांस अगदीच वेड्यांत काढणार नाहीत, अशी आशा आहे.

आमचे वडील बंधू सहा वर्षांपूर्वी निवर्तले. त्यांचा एकुलता एक मुलगा आता पंचवीस वर्षांचा आहे. ‘हिमालयन’ नावाची, २०१६ साली प्रथम विक्रीस आलेल्या जातीची, धिप्पाड मोटारसायकल त्याने स्वतःच्या कमाईतून घेतली आणि सडक सोडून तो ती रानोमाळ उडवू लागला. त्याच्या खोलीत देवांच्या तसबिरीशेजारी सी. एस. संतोष यांचे चित्र आहे. डकारची शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय; ते साल २०१५. एके दिवशी वहिनी आम्हांला म्हणाल्या, “भाऊजी, त्याला आता तुम्हीच आवरा.”

काम पत्करले खरे; परंतु ज्या गोष्टीतले आपणांस ओ की ठो कळत नाही, ती बंद कर असे एका कर्त्या मुलास कोणत्या तोंडाने सांगावे? तो अविचारी आहे की जाणता, हे ठरविण्यास आधी ती गोष्ट कळावयास हवी. म्हणून पुतण्यास मनाई करण्याऐवजी आम्ही त्याचे शिष्यत्व पत्करले.

आमचे कुडवा गोंदिया शहराला लागून आहे, आणि हा सारा मुलूख धानाचा. बांध्यांभोवतालचे धुरे पाहून नवख्यास वाटावे, हे जणू उड्यांसाठीच घातले आहेत. पुतण्याने पहिल्याच दिवशी बजावले, “काका, धुऱ्यावर चाक घालायचं नाही. तो फुटला, तर पावसाळ्यात कुणाच्या तरी बांधीतलं पाणी जाईल.” मग आमच्याच एका पडीक तुकड्यात मुरमाचा ढीग घालून त्याला दोन्ही अंगांनी उतार दिला, आणि तीच आमची शाळा झाली.

हेल्मेट, गुडघ्यांचे व कोपरांचे संरक्षक, घोट्यावर येणारे जाड बूट असा जामानिमा करून आम्ही गाडीकडे वळलो, तो गुरुजी म्हणाले, “उडायचं नंतर बघू. आधी उतरायचं कुठे, ते पायी जाऊन पाहून या.” आम्ही गेलो, ढिगापलीकडचे दगड वेचले, एक खळगा बुजविला. पुढे हा रोजचाच पाठ झाला. पहिला आठवडाभर गाडी जमिनीवरून सुटलीच नाही. फूटरेस्टवर उभे राहावयाचे, गुडघे व कोपरे सैल ठेवावयाची, नजर चाकापाशी न ठेवता दूर लावावयाची, एवढाच अभ्यास.

उतरणीचा हा आग्रह का, याचे गणित सरळ आहे. गाडी व स्वार मिळून २७५ किलो धरा. मीटरभर उंचीवरून हे ओझे सपाट भुईवर आले आणि स्प्रिंगांनी ते २० सेंटिमीटरांत झेलले, तर त्या वेळी सरासरी भार वजनाच्या सहापट होतो. म्हणजे साडेसोळा क्विंटल. गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोत्यांची थप्पी पाहिलेल्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. तेच ओझे उताराच्या अंगाने उतरले, तर बराचसा वेग उतारावरून पुढे निघून जातो आणि स्प्रिंगांच्या वाट्यास थोडाच येतो.

सर्वांत अवघड क्षण टोकाचा. तेथे येताच जन्मभराची सवय हातास सांगते, ॲक्सिलरेटर सोड. तो सोडला की पुढचे स्प्रिंग दबतात, गाडीचे तोंड खाली जाते आणि ती पुढच्या चाकावर येते. संशय आला की थांबावे, हे आम्हां मध्यमवर्गीयांचे शहाणपण खोटे नाही. मात्र थांबण्याची जागा टोकावर नसून टोकाच्या पुष्कळ अलीकडे असते. हवेतही मनुष्य अगदीच निरुपाय नसतो. ॲक्सिलरेटर वाढविला, तर मागचे चाक जोराने फिरते व त्याच्या प्रतिक्रियेने तोंड वर येते; मागचा ब्रेक दाबला, तर खाली जाते.

जगास कौतुक उडीचे. ‘द ग्रेट एस्केप’ या १९६३ सालच्या चित्रपटात कुंपणावरून गेलेल्या मोटारसायकलीचे श्रेय अनेकांनी नायक स्टीव्ह मॅक्वीन यांच्या नावे जमा केले. प्रत्यक्षात स्वार होते बड एकिन्स. मारुतीने समुद्र ओलांडला, हे लहान मूलही सांगते. परंतु लंकेच्या तीरी उतरण्यापूर्वी त्याने आपला प्रचंड देह आवरून लहान केला, ही वाल्मीकींनी सांगितलेली गोष्ट कितीजणांच्या ध्यानात असते? आमच्याजवळच बिरसी येथे १९४० साली युद्धकाळात बांधलेली धावपट्टी आहे, आणि पुढे तेथे वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले. शिकाऊ वैमानिकाचाही क्रम हाच: उठावे, एक फेरी घ्यावी, उतरावे, पुन्हा उठावे, पुन्हा उतरावे.

दहाव्या दिवशी आमची दोन्ही चाके भुईपासून सुटली. उंची म्हणाल, तर वीतभर! तेवढ्यात भीती गेली नाही. तिला नेमून दिलेले काम मात्र तिने आधीच चोख केले होते. वहिनींना आम्ही एवढेच सांगितले, “त्याला आवरायला नको. तो स्वतःला आवरतो.” त्यांनी परवानगी दिली नाही, मनाईही केली नाही. परंतु हल्ली तो निघाला की ‘जाऊ नकोस’ हे शब्द त्यांच्या तोंडी येत नाहीत. त्या विचारतात, “पलीकडे दगड नाहीत ना? पाहिलंस?”

मुलांच्या पायांत बळ आले की हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. त्यांच्या उड्या थोपविणे वडीलधाऱ्यांच्या हाती फारसे नसते. उतरण पाहण्याची सवय मात्र त्यांना लावता येते. आणि तीही नुसती दारात उभे राहून नव्हे, तर त्यांच्याबरोबर ढिगापलीकडे पायी जाऊन.