आ वासलेली मगर

चिपळूण, मे महिन्यातला शनिवार.

रात्रभर पंख्याने गरम हवाच फिरवली. सकाळी हे म्हणाले, "खाडीत जाऊया, वारा तरी लागेल." साठी उलटली तरी माणसाच्या असल्या आशा सुटत नाहीत.

भरतीचं पाणी चढेपर्यंत अकरा वाजले. वाशिष्ठीवर वारा नव्हताच. होडीच्या कडेला हात टेकला तर चटका बसला. पदर पाण्यात बुडवून डोक्यावर घेतला, तो पाच मिनिटांत सुकून गेला. टोपी घरी राहिल्याचं खापर अर्थात माझ्यावर.

मग चिखलात मगर दिसली. ओंडक्यासारखी पडलेली, जबडा सताड उघडा. आतली फिकट कातडी, वाकडेतिकडे पिवळट दात आणि जबड्याच्या टोकावर निवांत बसलेली एक माशी. मी ह्यांचा दंड पकडला.

"घाबरू नका वहिनी, अंग थंड करतेय ती," होडीवाला म्हणाला. मगरीला घाम येत नाही. तोंडातल्या ओलाव्याची वाफ होते, तेवढाच गारवा.

नदीला मात्र उन्हाळ्याचं भय नाही. कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर डोंगराच्या पोटातून हिच्यातच येतं. रात्री आमचा पंखा फिरला तो कदाचित ह्याच पाण्यावर! फिरून काय उपयोग झाला, ते सोडा.

परतताना बाटलीत दोन घोट कोकम सरबत उरलं होतं. "तू घे," म्हणाले. अर्धं ठेवून बाटली पुढे केली, तर हे बसल्या जागी झोपलेले. तोंड सताड उघडं.