पहिली चूक आधी वाचा

इतिहासाच्या शिक्षिकेने स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहावा, अशी अपेक्षा असते. स्थापना, पहिली तुकडी, पत्र्याच्या शेडमधील वसतिगृह आणि पुढे उभी राहिलेली पक्की इमारत, याविषयी माझे सहकारी अधिक अधिकाराने लिहितील. मी लिहिणार आहे ते संगणक कक्षातील एका जुन्या यंत्राविषयी. हे यंत्र कित्येक आठवडे आमच्याशी भांडले, आणि ते ज्या भाषेत भांडले ती भाषा वाचायला आम्ही शिकलो.

देणगीत आलेल्या जुन्या संगणकांपैकी त्यातल्या त्यात धडधाकट असा एक आम्ही सर्व्हरसाठी निवडला. हेतू साधा होता. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध करीत आले आहे; त्यांच्या पीडीएफ प्रती, दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि आधीच्या स्मरणिका कक्षातील प्रत्येक संगणकावर उघडता याव्यात, तेही इंटरनेटवाचून. इंटरनेट आमच्याकडे पाहुण्यासारखे येते आणि पाहुण्यापेक्षा लवकर जाते. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला आपलाच एक माजी विद्यार्थी फोनवर म्हणाला, "मॅडम, अपाची टाका. फुकट आहे, आणि उघडं आहे."

'उघडं' हा शब्द माझ्या मनात राहिला. अपाचीचा जन्मही तशाच उघडेपणातून झाला आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एका केंद्रात रॉब मॅकूल यांनी वेब सर्व्हरचा एक प्रोग्राम लिहिला होता. १९९४ मध्ये ते तेथून बाहेर पडले आणि प्रोग्रामची वाढ खुंटली. ठिकठिकाणी तो वापरणाऱ्यांनी आपापल्या दुरुस्त्या करून ठेवल्या होत्या. त्यांतील आठ जणांनी त्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि एप्रिल १९९५ मध्ये अपाचीची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. हे शक्य झाले याचे कारण मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता येत होता.

आम्ही इतिहासवाले 'सोर्स'ला साधन म्हणतो. साधन दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे नसते, ते स्वतः वाचायचे असते. 'हू वेअर द शूद्राज?' हा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. महाभारताच्या शांतिपर्वातील पैजवनाचा उल्लेख तपासताना त्या एका श्लोकाचे निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ बाबासाहेबांनी त्यात ताडून पाहिले आहेत. ज्यांना मूळ ग्रंथांना हात लावण्याचीही मनाई होती, त्या समाजातील एक माणूस पाठभेदांपर्यंत पोहोचला, हे मी दरवर्षी मुलांना सांगते. त्यामुळे सोर्स कोड हे शब्द कानी पडले तेव्हा ते मला परके वाटले नाहीत.

तयार पॅकेज मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे काही पालकांनी विचारले होते. उत्तर असे की त्या यंत्रावरील लिनक्स फार जुने होते. त्याच्यासाठी तयार पॅकेज देणारी भांडारे बंद पडली होती. नवे लिनक्स त्या यंत्राला पेलवत नव्हते. तेव्हा सोर्स कोड पेनड्राइव्हवर आणायचा, यंत्रावर उतरवायचा आणि तिथेच कंपाइल करायचा, हा एकच मार्ग उरला. आज्ञा तीनच. 'कॉन्फिगर' यंत्राची चौकशी करते, 'मेक' मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करते आणि 'मेक इन्स्टॉल' तयार झालेला माल जागेवर नेऊन ठेवते. पुस्तकात हे दहा मिनिटांचे काम आहे.

पहिल्याच आज्ञेला नकार आला, 'परमिशन डिनाइड'. मुले पेनड्राइव्हवरूनच काम चालवू पाहत होती. पेनड्राइव्हच्या फॅट रचनेत फाइल चालवण्याच्या परवानगीची नोंद राहत नाही. सारे हार्डडिस्कवर उतरवले आणि ती अडचण संपली. मग 'एपीआर नॉट फाउंड' आले. एपीआर हा अपाचीचा पाया, तो वेगळा आणावा लागतो. तो आणि त्याचा जोडीदार एपीआर-युटिल ठरलेल्या फोल्डरमध्ये, नावातील आवृत्तीचा आकडा काढून ठेवावे लागतात. आकडा राहिला तर यंत्राला ते समोर असूनही दिसत नाहीत. त्यानंतर 'पीसीआरई' हवे असल्याचे कळले. तेही वेगळे कंपाइल करायचे ठरले.

इथे नववीतील एक मुलगी खुर्चीवरून उठली. ती टंकनात सर्वांत चपळ. ती म्हणाली, "मॅडम, मशीनला कळलंय की आपल्याला येत नाही."

हे वाक्य मला लागले. आमच्या पिढीने ते माणसांच्या तोंडून ऐकले आहे, कधी शब्दांत आणि कधी नुसत्या नजरेतून. आता माझी विद्यार्थिनी ते काळ्या पडद्यावरील चार ओळींत वाचत होती. यंत्र जात विचारत नाही, असे सांगून तिची समजूत घालता आली असती. ते खरेही आहे. पण यंत्र इंग्रजी बोलते, हेही तितकेच खरे आहे, आणि ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र कधी आले नाही तिथल्या मुलीला ती भाषा न्यायाधीशाची वाटते. म्हणून मी तिला तीच ओळ मोठ्याने वाचायला लावली आणि विचारले, "यात तुझं नाव कुठे आहे?" नव्हते. यंत्र एवढेच सांगत होते की अमुक वस्तू हवी होती आणि ती अमुक जागी मिळाली नाही. तो निवाडा नव्हता, साक्ष होती. आणि साक्ष कशी तपासायची, हे इतिहासाच्या तासाला आम्ही शिकतोच.

पीसीआरईच्या वेळी जी साक्ष मिळाली तिने तर मी चकित झाले. यंत्र म्हणाले, आत्ताच तयार केलेली फाइल ही वाटपात आलेल्या फाइलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा. पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले तर तारीख होती १ जानेवारी २००२. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी मेली होती, त्यामुळे वीज गेली की यंत्र पुन्हा आपल्या आरंभकाळात जाऊन बसे. पण कंपाइल करण्याशी तारखेचा काय संबंध? संबंध अगदी मुळाशी आहे. 'मेक' हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिला, आणि त्याची सारी बुद्धी कालक्रमावर चालते. मूळ मजकुराची तारीख तयार फाइलीच्या तारखेनंतरची असेल, तर मजकूर बदलला आहे असे समजून तेवढाच भाग तो पुन्हा बनवतो. नसेल तर हात लावत नाही. घड्याळ चुकले की त्याला आधी काय आणि नंतर काय हेच कळेनासे होते. सनावळ्या कशाला पाठ करायच्या, असे दरवर्षी विचारणाऱ्या मुलांना त्या दिवशी मी काही बोलले नाही. नुसते पडद्याकडे बोट दाखवले. तालुक्याच्या घड्याळजीकडून सीआर २०३२ सेल आणला, तारीख लावली, आणि पीसीआरई निमूट कंपाइल झाले.

मग मुख्य काम पुन्हा सुरू केले. ओळींमागून ओळी धावू लागल्या, आणि एकदम सारे थांबले. सर्वांत खाली होते 'मेक, एरर १'. मुलांनी तीच ओळ वहीत उतरवून घेतली. ही सवय मला इतिहासाच्या उत्तरपत्रिकांतून ठाऊक आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, ही शेवटची ओळ झाली. ती का बुडाली हे त्या ओळीत नसते, पुष्कळ वर असते. 'एरर १' म्हणजे फक्त 'काम थांबले'. आम्ही पडदा वर सरकवत गेलो. वेळ वाचावा म्हणून एकाच वेळी चार कामे चालवली होती, त्यामुळे चौघांचे बोलणे एकमेकांत मिसळले होते. म्हणून आज्ञा पुन्हा दिली आणि एका वेळी एकच काम चालवले. तेव्हा पहिली चूक स्वच्छ दिसली. एपीआर-युटिलच्या एका फाइलीच्या पस्तिसाव्या ओळीवर 'एक्स्पॅट डॉट एच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.

मुलांनी शोधले तर एक्स्पॅटची लायब्ररी यंत्रावर होती. मग हे काय? इथे एक भेद समजून घ्यावा लागतो, आणि नवशिक्यांचे बहुतेक तास यातच जातात. लायब्ररी म्हणजे तयार, चालणारा माल. 'डॉट एच' ही हेडर फाइल म्हणजे त्या मालात काय काय आहे याची अनुक्रमणिका. तयार प्रोग्राम चालवणाऱ्याला माल पुरतो, पण कंपाइल करणाऱ्याला अनुक्रमणिकाही लागते. अनेक लिनक्समध्ये ती वेगळ्या पॅकेजात असते आणि त्याच्या नावापुढे 'डेव्ह' किंवा 'डेव्हल' लावलेले असते.

आमच्या हातातील मार्गदर्शिकेत मात्र एक्स्पॅटचा शब्दही नव्हता. तिचा लेखक चुकलेला नव्हता. एपीआर-युटिलच्या १.५ मालिकेपर्यंत एक्स्पॅट सोबतच येत असे; १.६ पासून ते वगळले. असे सोबत बांधून दिलेले जुने पुडके तसेच पडून राहते आणि त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या पोहोचत नाहीत, म्हणून ते वेगळे असणे बरे. मार्गदर्शिका १.५ च्या काळातील होती आणि आमचा मजकूर १.६ चा. साधनाचा काळ ठरवल्याखेरीज साधन वापरू नये, हे एम. ए.च्या वर्गात शिकलेले सूत्र संगणक कक्षात असे उपयोगी पडेल, अशी कल्पना नव्हती.

एक्स्पॅटही सोर्समधून बनवले आणि पुन्हा 'मेक' दिले. आता पुष्कळ पुढे जाऊन, पासवर्ड तयार करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामच्या जोडणीपाशी नवी तक्रार आली, 'अनडिफाइन्ड रेफरन्स', आणि पुढे 'एक्सएमएल'ने सुरू होणारी नावे. ही चूक कंपायलरची नव्हे, लिंकरची. अनुक्रमणिकेत नाव सापडले, पण ते प्रकरण कुठल्या ग्रंथात आहे ते कळले नाही. कारण पहिल्या चौकशीच्या वेळी यंत्रावर वापरण्याजोगे एक्स्पॅट नव्हते आणि तीच जुनी माहिती धरून काम चालले होते. अर्धे बांधकाम जुन्या नकाशावर, अर्धे नव्या. अशा वेळी डागडुजी करू नये. फोल्डर पुसून मजकूर पुन्हा उतरवला, 'कॉन्फिगर'ला एक्स्पॅटचा पत्ता स्पष्ट दिला आणि आरंभापासून सुरुवात केली.

दरम्यान फोनवरच्या त्या माजी विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट शिकवली. 'कॉन्फिगर' जे बोलते त्याहून पुष्कळ अधिक ते 'कॉन्फिग डॉट लॉग' या फाइलीत लिहून ठेवते. प्रत्येक शंकेसाठी ते चार-सहा ओळींचा प्रोग्राम स्वतः लिहिते, कंपाइल करून पाहते, आणि तो फसला तर कसा फसला ते नोंदवते. ती नववीतील मुलगी ही फाइल चिकाटीने वाचू लागली. तिच्या लक्षात आले की यंत्राचे इंग्रजी फार थोडे आहे. चाळीसेक शब्द फिरून फिरून येतात. ते तिने भिंतीवर मराठी अर्थासह लावले.

दहावीतल्या एकाने फळ्यावर साखळी काढली होती. अपाचीला हवे एपीआर-युटिल, त्याला हवे एक्स्पॅट, एक्स्पॅटला कंपायलर, कंपायलरला खरे घड्याळ. तो म्हणाला, "मॅडम, हे तर बारा निदानांसारखंच झालं." वर्गात हशा पिकला. ही तुलना मी पुसली नाही, पण ती फार ताणूही दिली नाही. निदानांची साखळी दुःखाचे कारण सांगते. ही साखळी एक्स्पॅट कुठे ठेवले आहे एवढेच सांगते.

शेवटी 'मेक' मुकाट्याने संपले. सर्व्हर सुरू करताना पीसीआरईची लायब्ररी सापडत नसल्याची एक कुरकुर झाली, ती 'एलडीकॉन्फिग' या आज्ञेने मिटली. शेजारच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर पांढऱ्या पानावर ठळक अक्षरे उमटली, 'इट वर्क्स!' हे अपाचीचे ठरलेले वाक्य आहे आणि जगभर तेच दिसते. तरी मुलांनी टाळ्या वाजवल्या.

या कामातून एक वही तयार झाली. तारीख, यंत्र, पहिली चूक, उपाय, आणि उपाय लागू का पडला त्याचे कारण, असे तिचे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यावर माझा कटाक्ष असतो. कारण न लिहिता उपाय लिहिलेली नोंद मी परत करते. वही कक्षाच्या कपाटात असते आणि आता ती दुसऱ्या तुकडीच्या हातात आहे.

तिच्यातील शेवटची नोंद अजून अपुरी आहे. यंदा शाळेला एक नवा संगणक मिळाला, आणि अडचण नेमकी उलटी झाली. ग्रंथालयाच्या नोंदींचा आमचा जुना प्रोग्राम पीएचपी ७.४ वर चालतो. नव्या लिनक्समध्ये ओपनएसएसएल ३ आहे, आणि त्यावर ७.४ कंपाइल होत नाही. जुने एक नाव नव्या हेडरमध्ये उरलेलेच नाही. जुने ओपनएसएसएल १.१.१ वेगळे बनवून जोडता येईल, पण त्याचा मोफत आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. कक्षाबाहेर जोडणीच नसल्याने पीएचपीतून ओपनएसएसएल वगळावे, असे एका गटाचे म्हणणे आहे. ती मुलगी, आता अकरावीत असलेली, म्हणते की मूळ प्रोग्रामच पीएचपी ८ साठी दुरुस्त करू; सोर्स आपल्याजवळ आहे. तिने सुट्टीत येऊन पहिल्या दोन फाइली तपासल्या आहेत. फाइली एकूण त्रेसष्ट आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पीएचपी येते त्यांनी रविवारी दुपारी यावे. कक्ष उघडा असतो आणि वही टेबलावर काढून ठेवलेली असते.